उरली तर उरू दे

इडलीनं कुणाचा दात तुटत नाही. उल्काचा तुटला. सातासमुद्रापार आंग मो किओच्या इंडस्ट्रियल पार्कमधलं कॅन्टीन, दुपारची गर्दी, समोर तिच्याच चिप-टेस्टिंगच्या टीममधली दोन पोरं मोबाईलवर फुटबॉल बघत नूडल्स ओढतायत, आणि हिच्या वरच्या पुढच्या दाताचा कोपरा इतका अलगद सुटून जिभेवर आला की तिला वाटलं तांदळातला खडा आहे. तिनं तो टिश्यूवर काढला. पांढरा, पातळ, कडेला आरपार दिसणारा. सोललेल्या तिळासारखा. दुखलं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान ओरडायला कारण मिळालं असतं. दुखायची ताकद त्या दातात उरलीच नव्हती. त्याला आतून कुणीतरी खात आलं होतं, आणि तो कुणीतरी कोण हे तिला चांगलं माहीत होतं. तिनं टिश्यू दुमडून खिशात ठेवला आणि उरलेली इडली संपवली. शेवटच्या कणापर्यंत. उल्कानं ताटात काही टाकलेलं कुणी कधी पाहिलेलं नाही.

संध्याकाळी डेंटिस्टबाई, चष्म्यावरून बघणाऱ्या, म्हाताऱ्या, घाईतल्या, तिच्या तोंडात छोटा आरसा घालून एकेक दात मागून बघत गेल्या. मग मास्क खाली ओढून म्हणाल्या, "यू व्हॉमिट, इज इट?" इतक्या सहज, जणू विचारतायत की कॉफी घेता का. उल्का म्हणाली, गॅसचा त्रास आहे. बाई म्हणाल्या, "गॅस डझन्ट डू लाइक धिस. ओन्ली इनसाइड वेअर ऑफ. आय पुट कॅप. बट यू कंटिन्यू, कॅप ऑल्सो गो." आणि ड्रॉवरमधून एका क्लिनिकचं कार्ड काढून तिच्या हातावर ठेवलं. दया नाही, धक्का नाही, उपदेश नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला ते नावानिशी विचारलं होतं, तेही तोंड उघडं असताना, जेव्हा माणसाला नीट खोटंसुद्धा बोलता येत नाही. उल्काला इतका राग आला की हातातला कागदी ग्लास चेपला. राग बाईंचा नव्हता. कुणाचा ते तिला बिशान स्टेशनला गाडी बदलताना कळायला लागलं आणि क्लेमेंटीला घराशी उतरेपर्यंत पुरतं कळलं.

क्लेमेंटीच्या त्या फ्लॅटमध्ये तिची एक खोली होती. खोली होती, स्वयंपाकघर नव्हतं. स्वयंपाकघर चैत्रालीताईंचं. चैत्रालीताई आणि श्रीनिवासदादा पुण्याचे, पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी झालेले; तो रॅफल्स प्लेसला बँकेत, ती घरातून अकाउंट्स बघणारी. खोली दाखवताना चैत्रालीताई म्हणाल्या होत्या, "मराठी मुलगी म्हणून देतोय हं, नाहीतर आम्ही कुणालाही ठेवत नाही." मग, "पूर्ण नाव काय म्हणालीस?" उल्का म्हणाली, सोनकांबळे. "अच्छा. नांदेड साइडचे ना?" "उदगीरजवळ." "हो हो," चैत्रालीताई म्हणाल्या आणि खिडकीचा पडदा उगाच सारखा केला. पडदा सारखा करायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात त्या घराचे नियम ठरले. नॉनव्हेज नाही, ते ठीक. स्वयंपाक लाइट, म्हणजे चहा, मॅगी. फ्रिजमध्ये तिचा खालचा कप्पा. आणि तिच्यासाठी वेगळी प्लेट, वेगळा मग, वेगळा चमचा, निळ्या रंगाचा सेट, नवाकोरा, खास तिच्यासाठी आणलेला. "तुझं तुला सोयीचं." कोण म्हणेल यात वाईट काय आहे? हेच तर या लोकांचं कसब. आजीच्या काळात दुरून वाढायचे, आता निळा सेट आणून देतात आणि वर त्याचं कौतुक करायला लावतात. उल्कानं कौतुक केलं होतं. थँक यू ताई, छान आहे रंग.

मग ती बाहेर खायला लागली. खाली खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर होतंच, तेल, मीठ, साखर, भात, स्वस्त आणि भरपूर. माणूस एकटा, दमलेला आणि घरी चूल नसलेला असला की काय खातो ते सांगायला डॉक्टर लागत नाही. दिवसभर काही नाही, आणि मग खोलीचं दार लावून बिस्किटांचे पुडे, पावाची लादी, चिप्स, चव न कळता, टीव्हीशिवाय, बसल्या बसल्या, संपेपर्यंत. संपलं पाहिजे. काही उरता कामा नये. आणि मग बाथरूम, आणि सोडलेला नळ. नळाचा आवाज मोठा ठेवायचा. चैत्रालीताई एकदा म्हणाल्या, "किती स्वच्छ गं तू, सारखी आंघोळ." आणि इथल्या मराठी मंडळाच्या बायका म्हणायच्या, काय मेंटेन केलंय उल्कानं, आम्हाला सांग ना डाएट. एका डॉक्टरकडे ती गेलीसुद्धा होती, चक्कर येते म्हणून. तो हसून म्हणाला होता, इंडियन फूड व्हेरी रिच, तेल कमी करा, कॅन ऑलरेडी, झालं काम. सावळी, गावाकडची, मजुराची पोर. हिला न खाण्याचा आजार कसा असेल? हिला भूक असते. जगाला आमच्यासारख्यांची भूक पाठ आहे. आमच्या भुकेला आजार होऊ शकतो हे त्याच्या डोक्यात शिरत नाही.

तिळगुळाचं तिला गाडीतच आठवलं होतं, त्या तुटलेल्या दाताच्या तुकड्यामुळे. मागच्या संक्रांतीला चैत्रालीताईंचं हळदीकुंकू होतं. क्लेमेंटीपासून आंग मो किओपर्यंतच्या मराठी बायका, नऊवारीपासून जीन्सपर्यंत, प्लास्टिकचे डबे वाण म्हणून लुटायला ठेवलेले. उल्काच्या घरी हळदीकुंकू नव्हतं कधी. आई म्हणायची, ते आपलं नाही. पण उल्काला त्या घरात आपलं म्हणून घ्यावं असं वाटत होतं. लाज वाटायची गोष्ट आहे, पण वाटत होतं. म्हणून तिनं ऑफिसातल्या एका तेलुगू मैत्रिणीच्या घरी जाऊन चिकीच्या गुळाचे लाडू वळले, हात भाजेपर्यंत, आणि नव्या स्टीलच्या डब्यातून आणले. चैत्रालीताई म्हणाल्या, "अय्या, कशाला गं त्रास. ठेव, नंतर वाढू." सभ्य घरात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. तिथं 'नंतर' असतं. बायका आल्या, गोड बोलल्या, एकमेकींचे लाडू खाल्ले, गेल्या. उल्का आपल्या खोलीत कपडे बदलत होती तेव्हा तिला स्वयंपाकघरातून आवाज आला. या जुन्या फ्लॅट्समध्ये कचऱ्याचं शूट स्वयंपाकघरातच असतं; लोखंडी झाकण ओढायचं, टाकायचं, बारा मजले खाली. झाकण वाजलं. आणि मग भिंतीच्या आतून, टक, टकटक, टक, गुळाचे कडक लाडू एकमेकांना आपटत, भिंतींवर आदळत, प्रत्येक मजल्याला सांगत खाली गेले. शेवटचा पोचेपर्यंत उल्का साडीचा पदर हातात धरून उभी होती. मग चैत्रालीताईंनी धुतलेला स्टीलचा डबा दाराबाहेर आणून ठेवला आणि गोड आवाजात म्हणाल्या, "उल्का, डबा घे हं. मस्त झाले होते."

त्या दिवशी नळ बराच वेळ चालू होता.

पण आजार तिथे सुरू झाला नव्हता. तिथे तो फक्त जुन्या जागी परत आला होता. जुनी जागा म्हणजे शाळेचा मागचा व्हरांडा, तीन दगडांची चूल आणि आईचा हंडा. उल्का चौथीत असताना शाळेत शिजवून जेवण द्यायचं ठरलं आणि सरपंचानं काय डोकं फिरलं म्हणून की कुणी वरून दटावलं म्हणून, खिचडी शिजवायचं काम साधनाला, म्हणजे उल्काच्या आईला दिलं. आईनं त्या दिवशी केसांना तेल लावलं होतं. नवं लुगडं नव्हतं म्हणून धुतलेलंच इस्त्रीसारखं घडी करून उशीखाली ठेवून मग नेसली होती. खिचडी अशी झाली होती की वास पाटलाच्या वाड्याच्या पलीकडे गेला. घंटा झाली. पोरं आली, हंड्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि पाट्या छातीशी धरून घरी पळाली. घरून तसं सांगून पाठवलं होतं. मास्तर भिंतीकडे बघत विडी ओढत राहिले. खिचडीचा हंडा भरलेला, आई हातात डाव धरून उभी, तोंडावर असं काही की जे बघून पोरीला धरणी फाटल्यासारखं वाटलं. उल्का पुढे झाली. "आई, वाढ." खाल्लं. "आणखी वाढ." आई म्हणाली, बास माय. "नाही, मला भूक लागली. वाढ." हंडा रिकामा करायचा होता. आईनं भरलेला हंडा डोक्यावर घेऊन वेशीतून घरी जाताना कुणी बघता कामा नये. आठ-दहा वर्षांच्या पोरीनं साऱ्या गावाच्या वाटचं खायचं ठरवलं, आणि घशाशी आलं तरी खात राहिली, आणि मग शाळेमागच्या बाभळीखाली सगळं बाहेर आलं. आईला तिनं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. रोज. पुढे पंधरवड्यात पाटलांनी अर्ज करून दुसरी बाई आणली आणि हंडा गेला, पण त्या हंड्यापायी आईच्या तोंडी एक प्रश्न बसला तो बसलाच. कुणाच्या लग्नात भांडी घासून आली, कुणाच्या शेतात भाकऱ्या नेल्या, तरी घरी आल्यावर चुलीकडे बघून पहिला प्रश्न: उरलं का? आईच्या तोंडी तो साधा प्रश्न होता. उल्काच्या पोटात तो दगड होऊन बसला. उरलं म्हणजे नाकारलं. उरू द्यायचं नाही.

हे सगळं तिनं पहिल्यांदा मोठ्यानं सांगितलं ते रोशेलला. डेंटिस्टबाईंच्या कार्डावरच्या क्लिनिकच्या वरच्या मजल्यावर शनिवारी सकाळी सात-आठ बायका गोल करून बसायच्या. बहुतेक कोवळ्या, गोऱ्या, काही चिनी कॉलेजच्या पोरी. आणि कोपऱ्यात रोशेल, अमेरिकेतल्या डेट्रॉइटची, काळी, धिप्पाड, इंटरनॅशनल स्कूलमध्ये केमिस्ट्री शिकवणारी. पहिल्या दिवशी उल्का आत आली तेव्हा रोशेलनं बाजूची खुर्ची पायानं पुढे ढकलली आणि म्हणाली, "ये, ये. मला वाटलं होतं इथं मी एकटीच चुकून आलेय." नंतर खाली कोपिटियममध्ये, म्हणजे इथल्या चहा-कॉफीच्या हॉटेलात, कॉफी पिताना रोशेल सांगत होती, तिच्या वस्तीत ताजी पालेभाजी घ्यायला दोन बस बदलाव्या लागायच्या, तळलेली कोंबडी मात्र दर कोपऱ्यावर, गोळी न शिरणाऱ्या जाड काचेच्या भोकातून हातावर ठेवायचे. आजी परसात कोबीच्या जातीची कोलार्डची पानं लावायची म्हणून ती जगली. कॉलेजात गेल्यावर खाणं आणि ओकणं सुरू झालं तेव्हा नर्स म्हणाली, तुझ्यासारख्या दणकट मुलींना हे होत नाही, डाएट कर. "कळलं का," रोशेल म्हणाली, "हा आजार गोऱ्या मुलींसाठी राखीव आहे." उल्का कॉफी सांडेपर्यंत हसली. "आमच्याकडे राखीव म्हटलं की सगळे माझ्याकडे बघतात. ही एक जागा राखीव आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं." रोशेलला तो विनोद समजावून सांगायला तिला अर्धा तास लागला, सोनकांबळे म्हणजे काय, हंडा म्हणजे काय, निळा सेट म्हणजे काय. रोशेल हसली नाही. तिनं फक्त विचारलं, "आणि तुझी आजी पानं कुठली लावायची?"

आंबाडी. उल्काच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि ते आल्यावर भीती वाटली नाही, हे तिला दुसऱ्या क्षणी कळलं. त्या रविवारी दोघी लिटल इंडियात गेल्या. गोंगुरा या तेलुगू नावानं आंबाडीच्या जुड्या रचलेल्या होत्या. बाजूच्या रॅकवर ज्वारीचं पीठ, चकचकीत पाकिटात, वर लिहिलेलं सुपरफूड. उल्का त्या शब्दाकडे बघत राहिली. ज्वारी खाणारे म्हणून ज्यांना हसले त्यांचीच ज्वारी आता चैत्रालीताईंच्या मैत्रिणी डाएट म्हणून खातात. चोरलं तर चोरलं, वर नावही बदललं.

बरं होणं हे सरळ रस्त्यासारखं नसतं आणि त्याबद्दल कुणी काही सांगितलं तर विश्वास ठेवू नये. ती बरी झाली, पुन्हा घसरली, पुन्हा उठली. पुढच्या दाताला कॅप बसली. वर्ष सरत आलं तेव्हा रोशेल आणि तिनं मिळून आंग मो किओला एक फ्लॅट बघितला. जुना, लिफ्टला आवाज करणारा, पण स्वयंपाकघर आपलं. महिनाअखेरीला जायचं ठरलं. चैत्रालीताई म्हणाल्या, "सवय झाली होती गं तुझी." आणि मग, "या रविवारी हळदीकुंकू आहे, तू असशील ना? पेपर प्लेट्स तूच आण, नेहमीसारख्या." मागच्या वर्षीच्या लाडवांनंतर तिच्याकडे मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात खायचं काही नाही, प्लेट्स आणि पाण्याच्या बाटल्या आणायचंच काम आलं होतं. गेल्या वर्षभरात तिनं किती रिकाम्या प्लेट्स त्या लोकांना पुरवल्या असतील, देव जाणे.

रोशेल म्हणाली, "सुकट भाज. खिडक्या बंद करून भाज. पडदे पेटव हवं तर." उल्कानं आधी मान डोलावली. मग म्हणाली, "नाही. सुकट केली तर त्या म्हणतील वास आला. त्यांना सबब मिळेल. मी भाकरी करणार. ज्वारीची, तीळ लावून. भाकरीला काय म्हणतात बघू."

शनिवारी रोशेलच्या ओट्याशी उभी राहून तिनं आईला फोन लावला. आई लगेच म्हणाली, "जेवलीस का माय?" उल्का दर वेळी हो म्हणायची, आणि ते दर वेळी खोटं असायचं. या वेळी म्हणाली, "उद्या जेवणार आहे. आई, इथलं पीठ जुनं आहे, थापताना तुटतंय." "विरी गेली असल त्याची, चिकटपणाच न्हाई," आई म्हणाली. "मग उकळतं पाणी घाल. चटका बसू दे हाताला. मळ लई. हात दमस्तोवर मळ. पिठाला राग आल्यागत मळ." राग भरपूर होता.

रविवारी चारच्या सुमारास हॉल भरला. अत्तर, गजरे, सोफ्यावर साड्यांच्या निऱ्या, कुणाची तरी पोरगी "मम्मी, ही साडी सो इची लाह" म्हणत अंग खाजवतेय. उल्का हळदकुंकू लावून घेऊन स्वयंपाकघरात गेली, नव्या घरासाठी घेतलेली आपली परात आणि आपला तवा ओट्यावर ठेवला आणि उकळतं पाणी पिठात ओतलं. चटका बसला. ती मळत राहिली. मग पहिला उंडा घेतला आणि थापायला सुरुवात केली. थप, थप, थप. या घरात तो आवाज कधी झाला नव्हता. हॉलमधलं बोलणं मंद झालं. तिळाचा आणि भाजलेल्या ज्वारीचा वास दाराबाहेर गेला, वाड्यापलीकडे गेला होता तसाच.

चैत्रालीताई आल्या. पदर सावरत, हसत, दार अर्धं लोटून. "उल्का, अगं पाहुणे आहेत ना. नंतर कर की."

"नंतर मला भूक नसेल," उल्का म्हणाली, आणि भाकरीवर पाण्याचा हात फिरवला.

"तसं नाही, पण ओटा... म्हणजे लाइट कुकिंग ठरलं होतं आपलं."

"पीठ, पाणी आणि तीळ आहेत ताई. याच्याहून लाइट काय असतं?"

तेवढ्यात दारात निशिगंधाकाकू येऊन उभ्या राहिल्या. मंडळातल्या सगळ्यात वयस्क, इथल्या नागरिक झालेल्या, जिथे बसतील तिथे तोंडावर बोलणाऱ्या. "काय गं वास सुटलाय. ज्वारीची का? मला हवी एक." त्यांच्यामागे आणखी दोघीतिघी. एक म्हणाली, "ग्लुटेन फ्री असते ना ही." चैत्रालीताई हसल्या, पण ते हसू कुठे ठेवावं त्यांना कळेना. उल्कानं भाकरी उलटली, गॅसवर धरली, ती टम्म फुगली, तशी टोपलीतल्या आधीच्या भाकऱ्यांवर ठेवली. मग गॅस बंद केला आणि सगळ्यांकडे वळली.  

"काकू, मागच्या वर्षी याच दिवशी मी लाडू आणले होते. ते ताईंनी त्या शूटमधून खाली टाकले. मला एकेक ऐकू आला."

 शूटचं लोखंडी झाकण तिथेच होतं, सगळ्यांच्या नजरा आपोआप त्याच्याकडे गेल्या.

"मुंग्या लागल्या होत्या अगं," चैत्रालीताई म्हणाल्या. आवाज गोडच होता.

"दुपारी आणलेल्या लाडवांना, संध्याकाळपर्यंत, झाकणाच्या डब्यात," उल्का म्हणाली. "असू दे. मी भांडायला नाही केली ही भाकरी. काकू, तुम्हाला देईन. पण आधी मी जेवते. आमच्याकडे करणारी शेवटी जेवते. आज नाही."

तिनं निळी प्लेट घेतली नाही. चैत्रालीताईंच्या मांडणीवरचं स्टीलचं ताट काढलं, त्यात भाकरी, डब्यातून आणलेली लसणाच्या फोडणीची आंबाडी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा घेतला आणि स्वयंपाकघरातल्या स्टुलावर सगळ्यांसमोर बसली. घास मोडला. कॅप लावलेल्या दातानं चावला. आंबाडीचा आंबटपणा कानापर्यंत गेला. बघणारे बघत होते आणि ती खात होती, सावकाश, चव घेत, आणि पोट भरलं तेव्हा तिला कळलं की भरलं. हे एवढंसं कळायला तिला पंधरा वर्षं लागली होती. बाथरूमचं दार समोरच होतं. नळ तिथे होता. शरीरानं जुन्या सवयीनं एकदा त्या बाजूला मान वळवली, कुणी ओळखीच्यानं हाक मारावी तशी. ती बसून राहिली. हाक थोडा वेळ आली आणि मग कंटाळून गेली.

निशिगंधाकाकूंनी एक पाट ओढला, गुडघे धरत खाली बसल्या आणि म्हणाल्या, "झालं तुझं? आता वाढ." उल्कानं वाढली. काकूंनी खाल्ली, दुसरी मागितली नाही, बोटं चाटली. बाकीच्यांपैकी एकीनं तुकडा घेतला, एक मोबाईलकडे बघत निघून गेली, एक म्हणाली माझा आज उपवास आहे. चैत्रालीताई हॉलमध्ये जाऊन डबे वाटायला लागल्या. हे सगळं उल्कानं पाहिलं, आणि त्यातलं काहीही तिच्या पोटात गेलं नाही. टोपलीत दोन भाकऱ्या शिल्लक होत्या. वरच्या मजल्यावरून कुणीतरी शूटमध्ये काहीतरी टाकलं. ते भिंतीतून खडखडत खाली गेलं. ती पाणी प्यायली.

फोन वाजला. आई.

"जेवलीस का माय?"

"जेवले."

"काय केलतंस?"

"भाकरी. तीळ लावून. तुझ्यासारखी फुगली."

"कुणी कुणी खाल्ली?"

"पहिली मी."

 मग तो प्रश्न आला, इतक्या वर्षांचा, सवयीचा. "उरली का गं?"

उल्कानं टोपलीकडे पाहिलं. दोन भाकऱ्या, वरचे तीळ अजून कोमट.

"उरली," ती म्हणाली. "उरू दे."